भोपळ्याचा कान

ऐक ना. नाही, आधी तो फोन पालथा ठेव, चहा घे, आणि फक्त ऐक. मध्येच "पण असं कसं" सुरू करू नकोस. शेवटी मीच तुला विचारणार आहे.

मिरजेत निलोफर शिकलगार म्हणून एक मुलगी आहे. तिच्या घरात तानपुरे बनतात. पुढची खोली म्हणजे कारखाना, मागं घर, आणि छताला वाळलेले भोपळे असे टांगलेले की नवीन माणूस आत आला की पहिल्यांदा कपाळ आपटणारच. तिचे अब्बा दस्तगीर शिकलगार जवारी काढतात. आता जवारी म्हणजे काय ते नीट ऐक, सगळी भानगड तिथंच आहे. तानपुऱ्याच्या तारा एका छोट्या पाटासारख्या घोडीवरून जातात. तुला वाटेल घोडीची वरची बाजू सपाट असते. नसते. तिला किंचित उतार असतो, इतका किंचित की बोट फिरवलं तरी कळणार नाही. तार त्या उताराला टेकते, सुटते, परत टेकते, परत सुटते, म्हणून तानपुरा नुसता टण्ण करून गप्प बसत नाही, गुंजत राहतो. तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतात, त्याला जीव म्हणतात. उतार बरोबर असेल तर तार जीव धरते. नसेल तर दोरा दिवसभर सरकवत बस. तर हा उतार कानशीनं घासायचा, वाजवायचा, परत घासायचा. ही जवारी.

आणि अब्बांची एक रीत. त्यांचीच नाही, त्या गल्लीतल्या सगळ्याच म्हाताऱ्यांची. चांगल्या वाद्याला तोंडानं चांगलं म्हणायचं नाही, नजर लागते. जवारी अगदी मनासारखी उतरली की अब्बा तोंड वाकडं करणार, म्हणणार, "खापर आहे नुसतं," आणि वाद्य भिंतीकडे तोंड करून ठेवणार. आणि बिघडलं असेल, परत खोलायचं असेल, तर? "छान. छान झालंय." निलोफरनं लहानपणी पहिली घोडी घासून दाखवली तेव्हा अब्बा "छान" म्हणाले, आणि ही माडीवर जाऊन उशीत तोंड खुपसून रडली. पाहुणे हसले, केवढी लाडावलेली पोर, कौतुक केलं तरी रडते. घरातलं कुणी हसलं नाही.

पुढं ती पॉलिटेक्निकला गेली, आणि तिथं तिला सम्मेद मगदूम भेटला. कुंभोजचा, उंच, बडबड्या, दिसेल ते उघडून बघणारा. दोघांनी मिळून टेबलावर मावेल असं एक सीएनसी मशीन जोडलं. म्हणजे एक फिरतं पातं, आणि ते डावीउजवीकडे (या दिशेला एक्स म्हणतात), पुढंमागं, वरखाली नेणाऱ्या मोटरी. कॉम्प्युटर सांगतो तसं ते लाकूड, हाड, प्लास्टिक कापतं. मोटरी चालवणारा बोर्ड स्वस्तातला, सॉफ्टवेअर फुकटातलं, आणि दोघं तासन् तास भांडायची, एक्सची वायर तू उलटी लावलीस, नाही तू लावलीस. सम्मेद गेला की अब्बा पडद्याआडून म्हणायचे, "पोरगं अगदीच खापर आहे."

एकदा सम्मेद चप्पल घालता घालता थांबला होता. त्यानं ऐकलं.

त्याचा चेहरा असा पडला, अगं! निलोफरनं तोंड उघडलं, आणि मिटलं. कारण समजावून काय सांगणार? अब्बांना तू फार आवडतोस, असं? आणि मग त्यानं विचारलं असतं, आणि तुला? मग पुढचं बरंच सांगावं लागलं असतं. राहून गेलं. ते राहिलं ते राहिलंच.

मग अब्बांचा खांदा आखडला. कानस चालवली की कळ थेट कोपरापर्यंत. निलोफर म्हणाली, मोठा उतार मशीन काढेल, शेवटचे हात तुम्ही मारा. अब्बा महिनाभर त्या मशीनशी बोललेच नाहीत. मग एक दिवस आपणहून म्हणाले, "लाव तुझं ते घरघर यंत्र." आणि जमलं की! गल्लीत बघताबघता घरोघरी मशीनं आली.

त्याच सुमाराला सुघड आलं, म्हणजे मशीन चालवणारा नवा बोर्ड. आता तर त्या गल्लीबाहेर तुला सुघड नसलेलं मशीन बघायलाही मिळणार नाही, पण तेव्हा नवीन होतं. सम्मेद त्याच कंपनीत लागला आणि हातात बोर्ड घेऊन धावत आला. "निलू, सेटिंग नाही, स्विच नाही, काही नाही! नुसतं मराठीत सांगायचं, घोडी काप. फुकट आहे, फुकट!" खरंच होतं ते. जुन्या मशीनला प्रत्येक टोकाला एकेक लिमिट स्विच लागायचा, पातं कडेला पोचलं की धडकून कळायचं. सुघडला आपोआप कळायचं. निलोफरनं अटींच्या पानावर न वाचता मान्य दाबलं, जसं तू दाबतेस, जसं मी दाबते, आणि जुना बोर्ड बिस्किटाच्या डब्यात गेला.

दीडेक वर्ष सगळं सुरळीत. आणि मग एक दिवस मशीन मधेच थांबायला लागलं.

घोडी कापता कापता लाल दिवा, पातं वर, काम बंद. स्क्रीनवर नुसतं "काम थांबवले आहे". कारण नाही, काही नाही. निलोफरला वाटलं, वायरिंगमध्ये गडबड. पात्याची मोटर फिरताना आजूबाजूच्या वायरींत खरखर सोडते, हा जुना रोग. तिनं वायरी वेगळ्या केल्या. अर्थिंग तपासलं. केबल बदलली. लॅपटॉप बदलला. थांबतंच. मग तिनं डोकं चालवलं आणि घोडीऐवजी खुंटी कापायला लावली. सुरळीत! दुसरी खुंटी, सुरळीत. नावाची पाटी, सुरळीत. घोडी लावली की लाल दिवा.

"वायर बिघडली तर ती काय वस्तू बघून बिघडते?" ती स्वतःशीच म्हणाली.

अब्बा तिथंच होते. त्यांना तानपुरा तपासायचा की ते, गल्लीतल्या सगळ्यांसारखेच, तो मशीनच्या पाटावरच टेकवायचे, भोपळा बरोबर मधोमध. म्हणायचे, खालचं लोखंड स्वर मोकळा देतं. त्या दिवशीही तसंच. निलोफरनं सुघडच्या तपासणीचं पान उघडलं होतं, त्यात मोटरींवरचा भार एका रेघेनं दिसतो. मशीन बंद. पातं बंद. रेघ सरळ असायला हवी. अब्बांनी तार छेडली.

रेघ थरथरली.

"अब्बा, परत."

"काय परत?"

"वाजवा परत."

वाजवलं. परत थरथरली, आणि तार विझत गेली तशी हळूहळू विझली. निलोफरनं भोपळ्याजवळ तोंड नेलं आणि म्हणाली, "हॅलो?"

रेघ हलली. बारीक, पण हलली.

आता हे कसं, सांगते. मोटरला वीज दिली की ती फिरते, बरोबर? उलटं पण खरं आहे. मोटर बाहेरून हलवली की ती वीज देते. पूर्वी सायकलला डायनामो असायचा बघ, चाक फिरलं की दिवा लागायचा. तसंच. मशीनच्या मोटरीचा दांडा केसाएवढा हलला तरी वायरीतून केसाएवढी वीज परत येते. सुघडचा चिप ती परतीची वीज वाचतो, म्हणून पातं कडेला अडलं की त्याला स्विचशिवाय कळतं. यात लबाडी काहीच नाही, हुशारी आहे. पण चिप जितका बारीक वाचेल तितकं त्याला जास्त ऐकू येणार ना? आणि वर कोण बसलंय? भोपळा! वाळलेला, पातळ, पोकळ, आवाज गोळा करण्यासाठीच बनवलेला. खोलीत कुणी बोललं की भोपळा थरथरतो, भोपळ्यानं पाट थरथरतो, पाटानं मोटर. अब्बांनी स्वतःच्या हातानं त्या मशीनला कान लावून दिला होता. दीड वर्ष. रोज.

दुसऱ्या दिवशी सुघडचं नवं अपडेट आलं, आणि लाल दिव्याचं कारणही आलं. "हा आकार 'मिरज जवारी' या नोंदणीकृत आकाराशी जुळतो. कापण्यासाठी परवाना घ्या."

निलोफरनं ते मोठ्यानं वाचलं. अब्बांनी विचारलं, "कुणाची जवारी?"

"मिरजेची."

"मग परवाना कुणी कुणाला द्यायचा?"

तिनं सम्मेदला फोन लावला. हा गडी पेढे घेऊन आला! खरंच, पेढ्यांचा पुडा. "चाचा, तोंड गोड करा. तुमची जवारी आता जगभर जाणार. कुठंही, कुणीही, मशीनला म्हणायचं मिरज जवारी काढ, की झालं."

"आणि इथं निघेना झाली, ते?" निलोफर म्हणाली.

"ते परवान्याचं मी बघतो ग. सगळ्यांसाठी सारखा नियम असतो. तुमच्यासाठी सवलत..."

"आमच्याच घरात चोरी करून आम्हालाच सवलत?"

"चोरी काय चोरी! तू मान्य दाबलंयस. मशीन आजूबाजूचं ऐकून शिकतं, त्याला परिसर-अध्ययन म्हणतात." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "हे बघ, मलाही आधी माहीत नव्हतं. पण तंत्र बघ की काय भारी आहे! नुसता आवाज घेऊन काय होणार? चांगलं कुठलं, वाईट कुठलं, ते मशीनला कसं कळणार? तर ते कारागिराचंच बोलणं ऐकतं. घोडी कापली, तार वाजली, आणि नंतर माणूस काय म्हणाला. छान म्हणाला, म्हणजे तो आकार ठेवायचा. नावं ठेवली, म्हणजे टाकायचा. सगळ्या गल्लीतून गोळा झालंय. हजारो वेळा चाचा छान म्हणालेत!"

निलोफरच्या हातातला पेढा हातातच राहिला.

तुझ्या लक्षात आलं ना? तिच्याही आलं. अगदी तेव्हाच, त्याच्यासमोरच. तिला हसू आलं, ते इतक्या जोरात वर आलं की तिनं पेढा तोंडात कोंबला आणि पाठ फिरवून ठसका लागल्याचं सोंग केलं. सम्मेद बिचारा पाणी आणायला धावला.

तो गेल्यावर तिनं अब्बांना सांगितलं. अब्बांनी नीट ऐकून घेतलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मग ते हसले, खांदा धरून हसले, "हाय हाय, माझा खांदा," म्हणत हसले. "म्हणजे जे मी खोलून फेकलं, ते सगळं त्यांनी उचलून नेलं?"

"आणि जे भिंतीकडे तोंड करून ठेवलं, ते कचऱ्यात टाकलं."

"अगं, पण बाजारात चालेल की ते," अब्बा डोळे पुसत म्हणाले. "पहिल्या दिवशी असं खणखणीत वाजेल, गिऱ्हाईक खूश. महिन्यादीड महिन्यानं बघ. तार खाली बसेल, जीव धरणार नाही. वरून रंग आणि आत भुसा."

पण हसून पोट भरत नाही. दिवाळीनंतर गायनाच्या मैफिली सुरू होतात, आधीच्या दिवसांत गल्लीत मान वर करायला सवड नसते, आणि मशीन घोडीला हात लावू देईना. अब्बांचा खांदा कानस धरू देईना. निलोफरनं दोन मिनिटं मशीनकडे बघितलं, स्क्रूड्रायव्हर घेतला, आणि सुघडचा बोर्ड उपटला. अम्मी दारात येऊन म्हणाली, "अगं, हमीचं कार्ड आहे त्याचं!"

"असू दे. कार्डाला म्हणावं, काढ जवारी."

बिस्किटाचा डबा उघडला. जुना बोर्ड, जुने लिमिट स्विच, आणि तळाला थोडे बिस्किटाचे कण. फुकटचं सॉफ्टवेअर तिनं परत चढवलं, आणि सगळं विसरलेलं एकेक करून आठवत गेली. सुघडनं सवय लावून ठेवली होती ना, काही न समजता काम करायची! दहा मिलिमीटर सरक म्हटलं तर मशीन पाचच सरकलं. बोर्डावरची छोटी पिन चुकीच्या जागी, मोटरीची पावलं अर्धी पडत होती. ती बसवली. मग पहिली घोडी कापली, तर उतार उलट्या बाजूला, आरशात बघितल्यासारखा. एक्सची वायर उलटी! ती एकटीच जोरात हसली, कारण या वेळी भांडायला समोर कुणी नव्हतं. आणि मग थोडा वेळ हसली नाही.

वायर फिरवली. आता पातं सुरू केलं की मशीन ओरडायचं, कडेला धडकलो, कडेला धडकलो, आणि असायचं मधोमध. तो जुना रोग, खरखर. लिमिट स्विचच्या बारीक वायरीला पात्याच्या वायरीची खरखर म्हणजे धडकच वाटते. तिनं जाळीच्या आवरणाची वायर घातली. तरी तेच. चिडचिड. जेवण गार. मग अचानक आठवलं. ती जाळी एकाच टोकाला अर्थिंगला जोडायची असते, दोन्ही टोकांना जोडली तर तीच खरखर गोळा करत फिरते. हे सम्मेदनंच तिला शिकवलं होतं, कँटीनच्या टेबलावर, वड्यातली मिरची वायर म्हणून धरून. तिनं एक टोक सोडवलं.

मशीन गप्प चाललं. टोकाला गेलं, स्विचला टेकलं, टिक, परत आलं. शून्यावर उभं राहिलं, हुकुमाची वाट बघत. याला कुणाची परवानगी लागत नव्हती. याला कानही नव्हता.

घोडी निघाली. अब्बांनी शेवटचे हात मारले, तानपुऱ्याला लावली, तार छेडली. खोली भरून गेली, अगं, भांडी घासता घासता अम्मीचे हात थांबले. अब्बांनी तोंड वाकडं केलं.

"खापर."

दुसऱ्या दिवसापासून निलोफर गल्लीत घरोघरी स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरायला लागली. ज्यांचे जुने बोर्ड होते ते लावले, नव्हते त्यांच्यासाठी मागवले, सेटिंग करून दिलं, आणि प्रत्येकाला शिकवलं. नुसतं चालू करून दिलं नाही हं. "का ते समजून घ्या चाचा, नाहीतर परत कुणीतरी फुकट घेऊन येईल." कंपनीचं पत्र आलं, जुन्या बोर्डावर नोंदणीकृत आकार कापणं बेकायदेशीर आहे. निलोफरनं ते मशीनच्या डगमगत्या पायाखाली घडी करून सरकवलं. शेजारच्या मैनुद्दीनचाचांनी घाबरून विचारलं, "पकडून नेतील का ग?"

"कशाबद्दल? तुमच्या हातातल्या कानशीलाही परवाना लावणार का? या म्हणावं. आधी तिचं अपडेट आणा."

पावसाळा सरला आणि सम्मेद परत आला. या वेळी पेढे नव्हते. वाळला होता. दारातच उभा राहिला, भोपळ्यांपासून कपाळ वाचवायचं त्याला सवयीनं जमायचं, त्या दिवशी नेमकं आपटलं.

"तक्रारी येतायत," तो म्हणाला. "पहिले काही दिवस झकास, मग स्वर मरतो. कुणाला कळत नाही का ते. आकडे सगळे बरोबर आहेत. निलू, मिरजेचं काम माझ्या नावावर आहे. पुण्याचे साहेब इथं येणार, टाऊन हॉलमध्ये कार्यक्रम, लोकांसमोर मशीन जवारी काढणार. चाचांनी फक्त वाजवून सांगायचं. चूक असेल तर चूक सांगा, आम्ही सुधारतो. बरोबर असेल तर तो आकार कायमचा पक्का. आणि गल्लीचा परवाना माफ, मी बोललोय."

"मला माफी नको," अब्बा म्हणाले. "येतो. वाजवतो. वाजवल्यावर जे रोज म्हणतो ते म्हणतो. त्याच्यावर काही देऊ नका, घेऊ नका."

सम्मेदला एवढंही पुष्कळ होतं. निघताना तो निलोफरला हळूच म्हणाला, "तुला माहितीये ना काय चुकतंय? तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय. सांग की. मी शिकवलंय तुला, तू मला शिकवलंयस. आपल्यात कधी असं लपवालपवी होती का?"

होती, असं तिच्या मनात आलं. खापर.

तो गेल्यावर ती अब्बांसमोर बसली. "एक वाक्य आहे, अब्बा. उलटं करा. बस्स. सगळा आवाज, सगळे आकार त्यांच्याकडे आहेतच, कचऱ्यात टाकलेलेपण जपून ठेवतात ते. उलटं केलं की तुमची खरी जवारी त्यांची. पण नाही सांगितलं तर सम्मेदची नोकरी जाईल. आणि लांब कुठंतरी एखादी मुलगी मशीनची घोडी लावलेला तानपुरा घेऊन बसेल, आणि तिला वाटेल आपलाच गळा लागत नाही."

अब्बांनी कानशीच्या दातांतला भुसा नखानं काढायला घेतला. "त्या पोरीला इथं आण. तिला मी फुकट शिकवतो. सम्मेदनं विचारलं असतं, चाचा, शिकवा, तर त्यालाही शिकवलं असतं, साहेबालाही. जो विचारतो त्याला मी कधी नाही म्हटलंय?" मग मान वर केली. "विचारलं नाही. कान लावून नेलं. आता नेलंय ते त्यांचं. मी खोटं बोलणार नाही, पोरी. पण चोरानं नेलेल्या कुलपाची किल्ली घेऊन मी त्याच्या मागं धावणारही नाही. तू काय करायचं ते तू ठरव. दोस्त तुझा आहे."

असं म्हणून अब्बांनी अख्खा धोंडा तिच्या मांडीवर ठेवला बघ.

टाऊन हॉल भरलेला. पुढं साहेबलोक, कॅमेरे. मागच्या दोन रांगांत अख्खी सतारवाल्यांची गल्ली, धुतलेल्या टोप्या, कानात अत्तराचे फाये. स्टेजवर सुघडचं चकचकीत मशीन. साहेब म्हणाले, "मिरज जवारी काढ," आणि मशीननं काढली, काय सफाई, काय चमक. घोडी तानपुऱ्याला बसवली. अब्बा स्टेजवर गेले. निलोफर खाली कडेला उभी, शेजारी सम्मेद, हात पुन्हा पुन्हा शर्टाला पुसणारा.

अब्बांनी तार छेडली. खणखणीत! हॉलमध्ये लोक आहा म्हणाले. अब्बांनी दुसऱ्यांदा छेडली. तिसऱ्यांदा. डोळे मिटून विझत जाणारी तार शेवटपर्यंत ऐकली. साहेबांनी माइक पुढं केला. अब्बांनी तानपुरा जपून, लोकांकडे तोंड करून ठेवला.

"छान," ते म्हणाले. "फारच छान."

टाळ्यांचा कडकडाट! आणि मागच्या दोन रांगा? सगळ्यांच्या माना एकदम खाली. मैनुद्दीनचाचांनी रुमाल तोंडावर दाबला, त्यांचे खांदे गदगदत होते. साहेबांबरोबर आलेल्या बाईंना वाटलं, म्हातारे भावूक झालेत. कॅमेरा तिकडं वळवला त्यांनी.

अब्बा खाली उतरले. सम्मेदनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. अब्बांनी त्याला उठवलं, एक क्षण त्याच्याकडे बघितलं, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "छान पोरगा आहेस, मगदूम." आणि न थांबता दाराकडे चालायला लागले.

सम्मेदचे डोळे भरले. खरंच भरले! "ऐकलंस?" तो निलोफरला म्हणाला. "इतक्या वर्षांनी! मला कायम खापर म्हणायचे ग. मी ऐकलं होतं एकदा. कुणाला बोललो नाही, पण लागलं होतं ते. आज म्हणाले, छान."

 ते वाक्य निलोफरच्या अगदी जिभेवर होतं. एका वाक्यात त्याची नोकरी वाचली असती. एका वाक्यात त्याला कळलं असतं की तेव्हा त्याला काय मिळालं होतं, आणि आत्ता काय गेलं. पण त्याच एका वाक्यात ती भिंतीकडे तोंड केलेली सगळी वाद्यं साहेबांच्या मशीनमध्ये गेली असती, कायमची, परवान्यासकट. स्टेजवर साहेब तो तानपुरा परत परत छेडत होते, आणि तिच्या कानाला आत्ताच ऐकू येत होतं, तो कुठं मरणार ते.

"निलू? बरोबर आहे ना सगळं?"

दाराशी अब्बा थांबले होते. वळून बघत नव्हते, पण थांबले होते.

निलोफर हसली. म्हणाली, "छान झालं, सम्मेद. फार छान झालं." आणि अब्बांच्या मागं निघाली.

झालं. आता ते वाक्य तुलाही माहितीये. खरं सांग, तिच्या जागी तू असतीस, सम्मेद असा डोळे भरून समोर उभा असता, तर तू काय केलं असतंस?